उपकार आणि उपकारस्तुति

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीचें नांव महाराष्ट्रांत उच्चारलें कीं वनवास आठवतो. सीतागुंफा, रामकुंड, काळाराम यांच्या दर्शनास येणारा यात्रेकरू ज्या कथेच्या ओढीनें येतो, ती राज्यसुखाची कथा नसून राज्य गेल्यानंतरच्या दिवसांची आहे. विपत्तींत सांपडलेल्या माणसानें देवाशीं कोणत्या शब्दांत बोलावें, हा प्रश्न या भूमीला नवा नाहीं. याच नदीच्या कांठीं, पंचवटीपासून कांहीं मैल वरच्या अंगास, जलालपूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १८६८ सालीं गोखल्यांच्या घरीं मनकर्णिका नांवाची मुलगी जन्मास आली. लग्नानंतर ती लक्ष्मीबाई टिळक झाली, आणि वरील प्रश्नास तिनें आपल्या आयुष्यानें जें उत्तर दिलें, तें ख्रिस्ती मंडळींच्या बाहेरहि विचारांत घेण्यासारखें आहे.

मराठी ख्रिस्ती उपासनेंत ‘उपकारस्तुति’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. हंगाम पदरांत पडला म्हणजे नव्या धान्याची पाटी, भाजीपाला, एखादी कोंबडी असें जें असेल तें देवळांत आणून ठेवावें आणि देवाची उपकारस्तुति करावी, अशी चाल खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून आहे. परंतु ही शिकवण ज्या पौलाच्या पत्रांतून आली, तेथें पिकाची अट नाहीं. कोणत्याहि स्थितींत आभार मानावे, असें तो सांगतो; आणि हें सांगणारा मनुष्य फटके खाल्लेला, बंदिवास भोगलेला होता.

या शब्दाचे दोन तुकडे केले तर एक मौज दिसते. ‘स्तुति’ हा तुकडा हलका आहे. ‘उपकार’ मात्र मराठींत फार जड. उपकाराचें ओझें होतें, उपकाराखालीं मान वांकते, उपकार फेडावे लागतात, आणि देणाऱ्यानें ते एकदां बोलून दाखविले तर घेणाऱ्याच्या मनांत जन्माचें शल्य राहतें. तेव्हां संकटांत उपकारस्तुति करणें म्हणजे मिळालेल्या घांसासाठीं मान खालीं घालणें, कीं मान वर करणें?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींस हा प्रश्न पुस्तकांतला राहिला नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९-१९०० चा आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत दिसलेला प्लेग पुढच्याच वर्षीं दख्खनांत पसरला. मिशनांनीं अनाथ मुलें जवळ केलीं, कामें काढलीं, धान्य वांटलें. ज्या हातांत धान्य होतें त्याच हातांत पुस्तकहि होतें. ‘पोटासाठीं बाटले’ असें त्या काळीं सर्रास बोललें जाई. त्या बोलण्यांत अन्याय पुष्कळ होता. पण तें अगदींच निराधार होतें असेंहि म्हणवत नाहीं. उपाशी माणसाच्या कृतज्ञतेंत त्याची स्वतःची किती आणि देणाऱ्याच्या अपेक्षेची किती, हें निवडून काढणें देवालाच शक्य.

नाशिकांत तर या प्रश्नाचा इतिहास दुष्काळाहूनहि जुना आहे. चर्च मिशनरी सोसायटीचें काम येथें १८३२ सालीं सुरू झालें आणि पुढें शहराच्या पश्चिमेस शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसली. या वसाहतींत गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें आणून ठेवीत. त्यांना वाचणें-लिहिणें आणि सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. १८६५ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या सफरीसाठीं येथून नऊ तरुण घेऊन गेला. नाशिकासच शिकलेला जेकब वेनराइट मागाहून त्याला जाऊन मिळाला. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारला, तेव्हां त्याचें हृदय झाडाखालीं पुरतांना प्रार्थना वाचली ती या जेकबनें, झाडावर अक्षरें कोरलीं तींहि त्यानेंच. सोबत्यांनीं तें शव शेंकडों कोस वाहून समुद्रापर्यंत आणलें, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें तेव्हां हा नाशिकचा विद्यार्थी तेथें हजर होता. मुलखांतून चोरून नेलेल्या मुलाला स्वातंत्र्य मिळालें, विद्या मिळाली, पण नांव मिळालें तें परक्याचें. असा उपकार मोठा खरा. परंतु उपकार करणाऱ्याचा ठसा त्यावर किती खोल उमटतो, हेंहि त्यांत दिसतें.

लक्ष्मीबाईंचें बालपण गेलें तें घर याच्या अगदीं उलट होतें. तें कोणाच्याहि हातचें कांहीं न घेणारें घर होतें. आजोळीं १८५७ च्या धामधुमींत फाशीचा प्रसंग घडला आणि तेव्हांपासून वडिलांच्या मनानें सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येत नसे. धान्य तर खरेंच, पण मीठहि. मीठ धुतल्यावर किती उरतें, हें गृहिणींना सांगावयास नको. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत लक्ष्मीबाईंनीं हा सारा प्रकार हंसत हंसत सांगितला आहे. त्या घरांतील बायकांचे दिवस कसे गेले असतील, तें मात्र त्या हंसण्याआडूनहि दिसल्यावांचून राहत नाहीं.

सोवळ्याचा विचार सामान्यतः शुद्धतेच्या बाजूनें होतो. त्याला दुसरी एक बाजू आहे. जो मनुष्य हातीं आलेली प्रत्येक वस्तु आधीं धुऊन घेतो, त्याच्या लेखीं देणारा नेहमींच संशयित असतो. अशा घरांतून दानधर्म पुष्कळ होऊं शकतो. घेणें मात्र होत नाहीं. आणि ज्याला घेतांच येत नाहीं, त्यानें आभार मानावे तरी कशाचे?

१८८० सालीं या मुलीचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. लहानपणीं आई गेली, वडिलांचा स्वभाव कडक. मुलानें घर सोडलें तें नाशिक गांठलें. तेथें दुसऱ्यांच्या आश्रयानें राहून त्यांनीं गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृताचें अध्ययन केलें. परक्याचें अन्न खाऊन वाढलेल्या माणसाच्या दोन तऱ्हा होतात. एक पुढें पैशाला चिकटून बसते. दुसरीच्या हातांत पैसा टिकत नाहीं. टिळक दुसऱ्या तऱ्हेचे. मीठ धुऊन घेणाऱ्या घरांतली मुलगी आणि असेल तें वाटेवरच्या माणसास देऊन रिकाम्या हातानें घरीं येणारा नवरा, अशी ही जोडी जमली होती.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं टिळकांची गांठ पडली. त्यानें नव्या कराराची प्रत त्यांना दिली आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकित केलें. येशूच्या डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मांतराची हकीकत धर्मांतर करणाऱ्याच्या बाजूनें सांगण्याची रीत आहे; त्याची तळमळ, त्याचा शोध, त्याला लाभलेली शांति. टिळकांच्या चरित्राचें भाग्य असें कीं, त्याची दुसरी बाजूहि लिहिली गेली, आणि तीहि शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नीकडून. पति जिवंत, कपाळीं कुंकू, आणि संसार मात्र मोडलेला. पदरीं चार वर्षांचा दत्तू. जवळजवळ पांच वर्षें लक्ष्मीबाईंनीं आप्तांच्या घरीं काढलीं, त्यांपैकीं बराच काळ पंढरपुरास. दुःखानें त्या पार खचल्या होत्या; कविताहि याच दिवसांत त्यांच्या हातून उमटूं लागल्या. ज्या आप्तांनीं आसरा दिला त्यांच्याविषयींची माया त्यांच्या पुस्तकांत जागोजाग आढळते. नवऱ्यावरचा रागहि आढळतो. त्यांनीं एकासाठीं दुसरें झांकलें नाहीं. त्या वेळीं त्या ख्रिस्ती नव्हत्या, तेव्हां या वृत्तीला ख्रिस्ती उपकारस्तुति म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु पुढें जें आलें त्याचें बीं येथेंच पडलें असावें.

पुढें त्या दत्तूला घेऊन अहमदनगरास पतीकडे आल्या त्या अटी घालून आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें, कोणाचा विटाळ नको. जलालपूरचें सोवळें त्यांनीं बरोबर आणलें होतें. टिळकांनीं तें मोडण्याची घाई केली नाहीं, ही त्यांची मोठी समज. पत्नीला वादांत जिंकणें त्यांना अवघड नव्हतें. पण वादांत जिंकलेला मनुष्य आपला होत नाहीं. दुष्काळाच्या दिवसांत हें कुटुंब राहुरीस होतें. तेथें लक्ष्मीबाईंच्या मनानें, कोणी उपदेश करीत नसतां, एके दिवशीं स्वतःशींच निवाडा केला कीं, जातिभेद देवानें केलेला नव्हे, माणसानें केलेला आहे. एकदां हें पटलें तेव्हां वाटेल त्याच्या हातचें पाणी पिण्यास आणि अन्न खाण्यास त्यांनीं अनमान केला नाहीं. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याची तारीख चरित्रकार देतात. खरें पाहतां त्या पाण्याच्या पेल्याची तारीख अधिक मोलाची आहे. चोहोंकडे पाण्याचें दुर्भिक्ष, विहिरी आटलेल्या, आणि अशा वेळीं मीठ धुणाऱ्या घरची मुलगी दुसऱ्याच्या हातचें पाणी न धुतां, न गाळतां, न विचारतां घेते. उपकारस्तुतीची पहिली पायरी ही. तोंडानें स्तोत्र म्हणण्याच्या आधीं हातानें घ्यावें लागतें, आणि देणारा कोण आहे हें पाहून हात आंखडला तर स्तोत्र घशांतच राहतें.

त्यानंतर टिळकांच्या घराला दार असून नसल्यासारखें झालें. दुष्काळानें पोरकीं केलेलीं मुलें, विद्यार्थी, वाटसरू, कोणीहि यावें. प्लेगच्या दिवसांत अहमदनगरास आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठीं पतिपत्नी गांवाबाहेर जाऊन राहिलीं. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास एक गोष्ट विशेष जाणवते. इतकीं संकटें सांगून झालीं तरी लेखिका आपल्या सोसण्याचा हिशेब मांडीत नाहीं. ती हंसते, बहुधा स्वतःला, पुष्कळदां नवऱ्याला. देवाचे आभार मानल्याचीं लांबलांब वाक्यें तिच्या पुस्तकांत शोधीत बसण्यापेक्षां तें हंसणें ऐकावें. कटुता ही उसनवारीच्या वहीसारखी असते. जगानें आपलें किती बुडविलें हें तींत लिहून ठेवावें लागतें. लक्ष्मीबाईंनीं ती वही ठेविली नाहीं.

येथपर्यंत घेण्याची गोष्ट झाली. घेतल्यानंतर मान ताठ ठेवणें ही गोष्ट टिळकांच्या वांट्यास आली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईंत आणि १८३१ पासून अहमदनगरास काम करीत होतें. त्या मिशनानें टिळकांना आधार दिला, काम दिलें. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आलें. टिळकांना याची जाणीव होती. तरी परदेशी पैशावर आणि परदेशी रीतिभातींवर पोसलेली मंडळी आपल्या पायांवर कधीं उभी राहणार, हा सल त्यांच्या मनांत कायम होता. ख्रिस्ती उपासनेंत त्यांनीं अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलें. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत त्यांचीं पदें शंभरांवर आहेत. आभार मानावयाचे तर ते आपल्या मातृभाषेंत, आपल्या चालींत. उसन्या सुरांत मानलेले आभारहि उसनेच ठरतात, असें जणू त्यांचें म्हणणें होतें. अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त तेथें एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. पगार सोडण्याचा हा निर्णय घरांतल्या चुलीला काय पडला असेल, तें लक्ष्मीबाईच जाणोत! परंतु त्यांत मिशनाशीं कृतघ्नता होती असें कोणीं म्हणूं नये. ज्यानें देवाचे उपकार मानले त्याला माणसाचे उपकार मानून शिवाय मोकळें राहतां येतें, एवढाच त्याचा अर्थ.

पंडिता रमाबाईंच्या बाबतींतहि हेंच आढळतें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत तीर्थाटन करीत असतां त्यांचे आईबाप उपासमारीनें गेले. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील मठवासिनींनीं त्यांना आसरा दिला, शिकविलें. तरी श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांच्याशीं रमाबाईंनीं पत्रांतून निकरानें वाद केला, आणि माझ्या विवेकावर दुसऱ्याची सत्ता चालूं देणार नाहीं असें त्यांना स्पष्ट बजावलें. पुढें १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व गुजराथेंतून शेंकडों मुली त्यांनीं केडगांवास आणल्या, त्या वेळीं स्वतःच्या पोटांतली ती जुनी भूक त्यांना नक्कीच आठवली असेल.

पौलाचें फिलिप्पैकरांस पत्र या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखें आहे. तें बंदींतून लिहिलेलें आहे, आणि एका अर्थी तें भेट पोंचल्याचें पत्र आहे. फिलिप्पै येथील मंडळीनें एपफ्रदीत नांवाच्या इसमाबरोबर त्याला मदत पाठविली होती. पौल मनापासून आभार मानतो, आणि त्याच ओघांत सांगतो कीं, भरल्या पोटीं कसें राहावें हें मी शिकलों आहें आणि रिकाम्या पोटींहि. म्हणजे तुमची भेट गोड आहे, पण मी तिच्यावर अवलंबून नाहीं. सावकारी वृत्तीच्या दात्यास हें वाक्य उद्धट वाटेल. फिलिप्पैकरांस तसें वाटलें नसावें, कारण त्यांनीं तें पत्र जपून ठेविलें.

९ मे १९१९ रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत टिळकांचें देहावसान झालें. लक्ष्मीबाईंचें वय तेव्हां पन्नासएक वर्षांचें होतें. न संपत्ति, न मानाची जागा. पुढील वर्षें स्थिरतेचीं नव्हतीं. अखेर त्या नाशकांत स्थिरावल्या, आणि पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून त्यांनीं आठवणी लिहिल्या. त्यांचे चार भाग १९३४ ते १९३६ या अवधींत प्रसिद्ध झाले.

याच वर्षांत नदीच्या पलीकडे पंचवटींत काय चाललें होतें, हें विसरून चालणार नाहीं. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे आदि मंडळी पुढें होती. त्या वर्षींच्या रामनवमीस रथाच्या वेळीं दगडफेक झाली, माणसें जखमी झालीं. आणि वर्षानुवर्षें लढूनहि दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, याच जिल्ह्यांतील येवलें येथें, आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. ज्यांना रामाचें दर्शन नाकारलें जात होतें त्यांना, आहे त्यांत समाधान माना, असा उपदेश करणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. हा उपदेश आणि पौलाचा उपदेश वरवर एकसारखे दिसतात, पण त्यांत अंतर आहे. समाधानाची शिकवण सोसणाऱ्यानें स्वतःला द्यावी. दार अडविणाऱ्यानें ती बाहेर उभ्या असलेल्यास देणें ही निव्वळ लबाडी होय. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत जातीच्या सोवळ्याचें जें चित्र आहे, तें पंचवटींतील त्या बंद दाराच्या संदर्भांत वाचलें म्हणजे त्यांतलें हंसणें एकाएकीं गंभीर होतें.

आठवणींखेरीज आणखी एक काम त्यांच्यापुढें होतें. येशूचें चरित्र ओवीबद्ध करावें या इच्छेनें टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतलें होतें. दहाएक अध्याय झाले आणि तें तसेंच राहिलें. शास्त्र्यापाशीं शिकलेल्या कवीचा अपुरा ग्रंथ, आणि तो पुरा करावयास बसलेली ही शाळा न पाहिलेली विधवा. पांच नाहीं, दहा नाहीं, साठांवर अध्याय त्यांनीं रचले. टिळकांनीं त्यांना जें दिलें त्यांत दुःखहि थोडें नव्हतें. पांच वर्षांचा तो वनवास त्यांनींच दिला होता. त्याच माणसाचें काम त्याच्याच छंदांत त्या पुढें चालवीत राहिल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशकास त्यांचें निधन झालें. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलें तें त्यानंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं.